अभ्यासिकेतली जुनी मशीनं आणि कर्नेलची ती एक ओळ : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

वाचनालयाच्या अभ्यासिकेसाठी जुन्या मिनी पीसींचा लॉट आला. एक ऑफिस बंद झालं, तिथला माल भंगारवाल्याकडे जायच्या आधी एका सभासदाने अडवला. डबे छोटे, पंखा नाही, ४ जीबी रॅम आणि तीही बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही आणि बदलायचीही नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यात. पोरांना लागतं काय तर ब्राउझर, पीडीएफ, एमपीएससीचे फॉर्म आणि मराठी टायपिंग. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकायचं ठरलं. ओळखायला सोपं जावं म्हणून मशीनांना क, ख, ग, घ अशी स्टिकरं लावली.

इन्स्टॉल झाल्यावर माझं पहिलं काम ठरलेलं, ते म्हणजे कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओळीतलं, म्हणजे मशीन सुरू होताना त्याला दिल्या जाणाऱ्या सूचनांतलं, "क्वाएट" काढून टाकायचं. ते असलं की कन्सोलवर फक्त एरर आणि त्याहून गंभीर असलेलंच दिसतं, बाकी सगळी बडबड झाकली जाते. घरच्या लॅपटॉपवर ठीक आहे पण ज्या मशीनची जन्मकुंडली माहीत नाही तिथे ती बडबडच कामाची. ग्रबचा (कर्नेल सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा) मेनू दिसला की "ई" दाबायचं, "लिनक्स" शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधायची, तिच्या शेवटी हवं ते जोडायचं नाहीतर काढायचं, आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ१०. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, डिस्कवर काही लिहिलं जात नाही, त्यामुळे बिनधास्त खेळता येतं. काही बिघडलंच तर पॉवर बटन आहेच.

५ जून

क आणि ख सुरळीत. घ मात्र बूट होताना दोन ओळी दाखवतं आणि स्क्रीन काळी. मशीन मेलेलं नाही, कारण नेटवर्कवरून एसएसएचने आत जाता येतंय.

अशा वेळी कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं, "नोमोडसेट टाक". टाकलं. स्क्रीन आली, पण १०२४ बाय ७६८, आणि व्हिडिओ लावला की प्रोसेसर शंभर टक्के. येणारच ना. नोमोडसेट म्हणजे ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर वापरूच नको, फर्मवेअरने (बोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरने) लावून दिलेल्या फ्रेमबफरवर (स्क्रीनच्या साध्या चित्रजागेवर) भागव. निदान करायला ते बरं आहे, त्यावर कायमचा संसार करायचा नसतो. नेटवर मात्र लोक तेच कायमचं ठेवतात आणि मग "लिनक्स स्लो आहे" म्हणत बसतात.

नोमोडसेट काढलं, परत काळ्या स्क्रीनवर बूट केलं आणि एसएसएचने /सिस/क्लास/डीआरएम मधे डोकावलो, तिथे कर्नेल कुठल्या आउटपुटला काय जोडलंय ते दाखवतो. एचडीएमआय "कनेक्टेड", बरोबर. पण एलव्हीडीएस-१ सुद्धा "कनेक्टेड"! एलव्हीडीएस म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या पॅनेलचं कनेक्शन, आणि या डब्याला पॅनेल नाहीच. फर्मवेअर सांगतंय की आहे, कर्नेल त्यावर विश्वास ठेवतोय आणि नसलेल्या पडद्याला मुख्य पडदा धरून तिकडेच चित्र पाठवतोय. ओळीच्या शेवटी एवढंच जोडलं:

व्हिडिओ=एलव्हीडीएस-१:डी

शेवटचं "डी" म्हणजे हे आउटपुट बंद. मॉनिटर पूर्ण रिझोल्यूशनला उठला. हेच कायमचं करायला /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब मधल्या "ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट" मधे लिहिलं आणि अपडेट-ग्रब चालवलं. नुसती फाइल सेव्ह करून काही होत नाही, तिच्यातून /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी नवीन तयार व्हावी लागते. शेजारी "डिफॉल्ट" शेपूट नसलेला "ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स" पण असतो, त्यातलं रिकव्हरीच्या बूटलाही लागू होतं. घ ला रिकव्हरीतही स्क्रीन दिसायला पाहिजेच, म्हणून शेवटी तिथे हलवलं.

८ जून, रविवार

थोडं वाचन झालं, लिहून ठेवतो. ही ओळ म्हणजे खरं तर मेमरीत ठेवलेली एक साधी स्ट्रिंग, शेवटी शून्य बाइट. बूटलोडर ती मेमरीत कुठेतरी ठेवतो आणि कर्नेलच्या हेडरमधल्या एका ठराविक जागी तिचा पत्ता लिहितो, बस. अगदी सुरुवातीच्या लिनक्समधे एवढंही नव्हतं. रूट (मुख्य फाइलसिस्टम) कुठल्या डिस्कवर आहे ते कर्नेलच्या इमेजमधेच, ५०८ व्या बाइटपाशी, कोरलेलं असायचं आणि डिस्क बदलली की आरडेव्ह नावाच्या कमांडने तिथले बाइट बदलायचे. नंतर लिलो हा बूटलोडर आला, "बूट:" असा प्रॉम्प्ट देऊन तिथे टाइप करू द्यायचा. जुन्या बूट प्रोटोकॉलमधे ओळीची मर्यादा २५५ अक्षरं होती, आता एक्स८६ वर २०४८ आहे. २०४८ म्हणजे भरपूर वाटतं, पण सर्व्हरवाले तेही भरतात.

मजा अशी की ही ओळ एकटा कर्नेल वाचत नाही. कर्नेल आपल्या ओळखीचे शब्द उचलतो. टिंब असलेले शब्द, म्हणजे "मॉड्यूलचं नाव.पॅरामीटर=किंमत" असले, त्या त्या मॉड्यूलचे (कर्नेलला जोडल्या जाणाऱ्या सुट्या भागाचे), आणि मॉड्यूल नंतर लोड होणार असेल तर मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करणारी कमांड) स्वतः /प्रॉक/सीएमडीलाइन, म्हणजे हीच ओळ दाखवणारी फाइल, उघडून त्यातून आपल्या कामाचं वेचतो. उरलेलं ओळखू न आलेलं सगळं इनिटला (कर्नेल सुरू करतो त्या पहिल्या प्रोग्रामला) दिलं जातं, बरोबरचं चिन्ह असेल तर एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून आणि नसेल तर आर्ग्युमेंट म्हणून. मधे इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती फाइलसिस्टम) असतं, त्यातली स्क्रिप्ट "रूट=" आणि "इनिट=" परत वाचते. मग सिस्टमडी (डेबियनमधला इनिट) तीच फाइल उघडून आपले शब्द शोधतो. म्हणजे एकच चिठ्ठी वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडात फिरते आणि जो तो आपल्यापुरतं वाचून पुढे देतो.

यावरून २०१४ च्या एप्रिलमधे भांडणही झालं होतं. "डीबग" हा शब्द कर्नेलचाही आणि सिस्टमडीचाही, कुणी कर्नेल डीबग करायला तो टाकला की सिस्टमडी एवढे मेसेज ओतायचा की बूटच होईना. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्सनी चिडून सिस्टमडीच्या एका मोठ्या डेव्हलपरचा कोड घेणार नाही असं जाहीर करून टाकलं. एकाने तर /प्रॉक/सीएमडीलाइन मधून "डीबग" शब्दच लपवायचा पॅच पाठवला होता. सिस्टमडी आजही "डीबग" वाचतो बरं का. फक्त सिस्टमडीलाच बोलकं करायचं असेल तर "सिस्टमडी.लॉग_लेव्हल=डीबग" लिहावं, कर्नेलला फरक पडत नाही.

११ जून

ख वर एका स्वयंसेवकाने "व्हिडोओ=" असं टाइप केलं होतं आणि म्हणत होता की पॅरामीटर चालत नाही. कर्नेल अशा वेळी थांबत नाही, बीप करत नाही, काही नाही. अनोळखी शब्द दिसला, दिला इनिटला, इनिटला त्याचं घेणंदेणं नाही. हल्लीच्या कर्नेलमधे डीमेसेजमधे (कर्नेलच्या मेसेजांच्या यादीत) एक ओळ मात्र येते की अमुक पॅरामीटर अनोळखी आहेत, यूजर स्पेसकडे पाठवतोय. त्यात "बूट_इमेज=" नेहमीच दिसतं, ते ग्रबने स्वतः जोडलेलं असतं, त्याला घाबरायचं नाही. त्याच्या शेजारी आपला शब्द दिसला तर समजायचं, स्पेलिंग बघ.

मॉड्यूलच्या आणि पॅरामीटरच्या नावात आडवी रेघ आणि अंडरस्कोर कर्नेलला सारखेच. किंमतीत मात्र नाही. किंमतीत स्पेस हवी असेल तर अवतरणात.

१४ जून, शनिवार

आता खरा त्रास. ग वर फायरफॉक्सचे टॅब आपोआप मरतात. कधी पीडीएफ वाचक सेगफॉल्ट (मेमरीच्या चुकीने बंद), काल अपडेट करताना एका पॅकेजचा हॅश (फाइल जशीच्या तशी आलीये का ते तपासायचा आकडा) जुळेना, परत डाउनलोड केलं तर जुळला. प्रत्येक वेळी वेगळा प्रोग्राम आणि वेगळी तक्रार, म्हणजे सॉफ्टवेअरकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) टाकलं, आवृत्ती ६ पासून ते यूईएफआयवरही (नव्या प्रकारच्या फर्मवेअरवरही) चालतं. रात्रभर लावून ठेवलं.

१५ जून

सकाळी स्क्रीन लाल. सगळ्या चुका एकाच टापूत, १५२३ एमबीच्या थोडंसं पुढे, त्याच एका एमबीच्या आत. बाकी रॅम स्वच्छ.

रॅम सोल्डर केलेली. बोर्ड बदलण्यापेक्षा दुसरा डबा स्वस्त पडेल. पण ४००० च्या वर एमबीपैकी एक एमबी खराब म्हणून मशीन भंगारात टाकायचं हे पटत नाही. कर्नेलला सांगता येतं की हा तुकडा वापरू नकोस:

मेममॅप=१एम$१५२३एम

डॉलरच्या आधी किती, डॉलरनंतर कुठपासून. डॉलर म्हणजे राखीव. तिथेच @ लिहिलं तर अर्थ होतो "इथे रॅम आहे, वापर", आणि # लिहिलं तर एसीपीआयचा (फर्मवेअरच्या तक्त्यांचा) डेटा. एका चिन्हाने अर्थ उलटा होतो.

"मेमटेस्ट=४" असाही एक पर्याय आहे, कर्नेल बांधताना ती सोय चालू ठेवलेली असेल तर कर्नेल प्रत्येक बूटला स्वतःच रॅम तपासून खराब जागा बाजूला ठेवतो. पण प्रत्येक बूटला वेळ जातो, आणि गरम झाल्यावरच चुकणारी रॅम थंड असताना पास होते. मला पत्ता माहीत आहे, मी सरळ पत्ता देणार.

१६ जून

डॉलरची गंमत. कर्नेलच्या डॉक्युमेंटेशनमधे एक ओळीचा इशारा आहे की काही बूटलोडर डॉलर आणि त्यापुढचा आकडा खाऊन टाकतात. म्हणून रीबूट करायच्या आधी तयार झालेली ग्रब.सीएफजी उघडून बघितली. /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब मधे साधं लिहिलं तर तिथे हे उतरतं:

मेममॅप=१एम५२३एम

कारण ती फाइल म्हणजे शेलची (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची) स्क्रिप्ट आहे, दुहेरी अवतरणातल्या $१ ला शेल पहिलं आर्ग्युमेंट समजतो, ते रिकामं, म्हणून $१ गायब आणि मागे ५२३. समजा इथून वाचवला, एक बॅकस्लॅश देऊन, तरी ग्रब.सीएफजी ही ग्रबची स्वतःची स्क्रिप्ट, ग्रबही तिथे डॉलर बघतो आणि तो तर $१५२३ अख्खं व्हेरिएबलचं नाव म्हणून गिळतो. म्हणून ग्रब.सीएफजीत \$ पोचायला हवं, आणि ते पोचायला डिफॉल्टच्या फाइलमधे असं:

मेममॅप=१एम\\\$१५२३एम

तीन बॅकस्लॅश. पहिले दोन मिळून एक बॅकस्लॅश होतात, तिसरा डॉलरला शेलपासून वाचवतो, उरतं \$, ते ग्रब वाचतो आणि कर्नेलला नुसता $ देतो. "ई" दाबून हाताने टाइप करताना शेल मधे नसतो, तिथे एकच बॅकस्लॅश.

आणि डॉलर खाल्ला गेला तर फक्त "चालत नाही" एवढ्यावर भागत नाही. "मेममॅप=१एम" याला डॉलर, @, # काहीच नसताना वेगळा अर्थ आहे, तो म्हणजे १ एमबीच्या वरची सगळी रॅम विसर. मुद्दाम "ई" मधून बॅकस्लॅशशिवाय टाकून बघितलं. ग्रब गेला, काळी स्क्रीन, कर्सर पण नाही. एका एमबीत कर्नेल स्वतःच मावत नाही, तक्रार लिहिणार कुठे बिचारा. हे डिस्कवरच्या फाइलमधे गेलं असतं आणि मशीन दुसऱ्या गावात असतं तर कीबोर्ड घेऊन एसटीने जावं लागलं असतं.

१७ जून

बरोबर ओळ टाकून ग उठलं. तपासणी तीन ठिकाणी केली. /प्रॉक/सीएमडीलाइन मधे डॉलरसकट शब्द दिसला. डीमेसेजमधे आधी फर्मवेअरने दिलेला रॅमचा नकाशा येतो, त्याखाली "यूजर-डिफाइन्ड" म्हणून दुसरा नकाशा आला आणि त्यात आपला तुकडा रिझर्व्ह्ड. /प्रॉक/आयओमेम मधेही तेच, पण ती सूडो (सगळे अधिकार देणारी कमांड) लावूनच वाचायची, साध्या यूजरला सगळे पत्ते शून्य दाखवते आणि आपण उगाच घाबरतो.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. हे फक्त कर्नेलला कळलंय. फर्मवेअर आणि ग्रबला या खराब एमबीचा पत्ता नाही, उद्या ग्रबने इनिटरॅमएफएस नेमकं तिथेच नेऊन ठेवलं तर बूट अडखळू शकतो. कर्नेल स्वतःला मेमरीत कुठेही यादृच्छिक जागी बसवतो ना, ते करताना मात्र तो मेममॅप वाचतो आणि ती जागा टाळतो. असे चारपर्यंत तुकडे तो सांभाळतो, त्याहून जास्त दिले तर जागा बदलण्याचा खेळच बंद करतो. आपला एकच आहे.

२२ जून, रविवार

आठवडाभर ग वर एकही टॅब मेला नाही. ग्रंथपाल मॅडमनी ते काउंटरवर घ्यायची तयारी दाखवली, मी नको म्हटलं. देवघेवीच्या नोंदी अशा मशीनवर नाही ठेवायच्या. पोरांना वाचायला दिलं.

पाऊस सुरू, लाइट दिवसातून कितीदा जाते सांगता येत नाही. इन्व्हर्टर अभ्यासिकेच्या ट्यूबलाइटांपुरता. म्हणून सगळ्या मशीनांवर "एफएससीके.रिपेअर=येस" टाकलंय, म्हणजे बूटच्या वेळी फाइलसिस्टमची दुरुस्ती विचारत बसू नको, करून टाक. हा शब्द कर्नेलचा नाही, सिस्टमडीच्या तपासणीचा. शिवाय "एफएससीके.मोड=फोर्स" लोक कायमचं ठेवतात, मी नाही ठेवलं, संशय आला की "ई" मधून एकदा.

झेडस्वॅप पण चालू केलं, "झेडस्वॅप.एनेबल्ड=१". ४ जीबीत फायरफॉक्स आणि दोन मोठ्या पीडीएफ उघडल्या की स्वॅप (रॅम भरल्यावर डिस्कवर वापरायची जागा) लागतोच, निदान तो आधी रॅममधेच दाबून ठेवला जातो. कॉम्प्रेसर बदलायच्या भानगडीत पडलो नाही. मागितलेला त्या क्षणी हाताशी नसेल तर कर्नेल डीमेसेजमधे एक ओळ टाकून आपला नेहमीचा घेतो आणि पुढे जातो.

"मिटिगेशन्स=ऑफ" टाका, फास्ट होईल, असं एकाने ग्रुपवर सुचवलं. स्पेक्टर, मेल्टडाउन वगैरे प्रोसेसरमधल्या त्रुटींवरची सगळी संरक्षणं त्याने एका शब्दात बंद होतात. जिथे दिवसभर वेगवेगळी पोरं ब्राउझरमधे स्वतःचे पासवर्ड टाकून फॉर्म भरतात तिथे हे अजिबात नाही. चर्चा पण नको.

२९ जून

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला एक पोरगा आला, हसत हसत. "काका, पासवर्डशिवाय रूट मिळालं." म्हणजे मशीनचे सगळे अधिकार. दाखव म्हटलं. ग्रबमधे "ई", ओळीच्या शेवटी "इनिट=/बिन/बॅश", एफ१०, आणि समोर # चिन्हाचा प्रॉम्प्ट. कर्नेलला सांगितलं की सिस्टमडीऐवजी बॅशच चालव, मग लॉगिन विचारणार कोण? रूट फाइलसिस्टम रीड-ओन्ली होती कारण ओळीत "आरओ" आहे, तर त्याने "माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /" पण बरोबर केलं. पुढे "एक्झिट" टाइप केलं आणि कर्नेल पॅनिक. पहिली प्रोसेस मेली की कर्नेल जगत नाही. त्याला म्हटलं एक्झिट नाही रे, "एक्झेक /एसबिन/इनिट" करायचं, म्हणजे बॅशच्या जागी इनिट येतो. तो वहीत लिहून घेत होता, बरं वाटलं.

पासवर्ड विसरलेल्या माणसाला हीच वाट लागते, त्यामुळे हे काही सुरक्षेतलं भोक नाही. पण अभ्यासिकेत कीबोर्ड सगळ्यांसमोर आहे. ग्रब-एमकेपासडब्ल्यूडी-पीबीकेडीएफ२ ने पासवर्डचा हॅश काढला, /इटीसी/ग्रब.डी मधल्या ४०_कस्टम मधे सुपरयूजर आणि तो हॅश लिहिला. एवढंच केलं तर साध्या बूटलाही पासवर्ड मागत बसतो आणि सकाळी मॅडमचा फोन येतो, म्हणून १०_लिनक्स मधल्या क्लासच्या ओळीत "--अनरिस्ट्रिक्टेड" जोडलं. आता बूट सगळ्यांना, "ई" फक्त आम्हाला. अर्थात पेनड्राइव्ह लावून बूट केलं तर हे सगळं बाजूलाच राहतं, म्हणून फर्मवेअरला पण पासवर्ड आणि बूटचा क्रम पक्का केला. त्याहून पुढे डिस्क एन्क्रिप्ट करायची तर रोज सकाळी कुणीतरी पासफ्रेज टाकायला हवं, ते इथे जमणार नाही.

त्या पोराला क आणि ख ची जबाबदारी दिलीये.

६ जुलै, आषाढी

वाचनालय बंद, मशीनं मोकळी, म्हणून क ची इमेज काढून बाकीच्यांवर उतरवायचा बेत. त्याआधी ओळींची वाटणी करून घेतली. डेबियनमधे /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब.डी नावाचं फोल्डर करून त्यात .सीएफजी फाइली ठेवता येतात, त्या मूळ फाइलनंतर वाचल्या जातात. सगळ्यांसाठी एक फाइल, झेडस्वॅप आणि एफएससीके असलेली. घ ची वेगळी, व्हिडिओवाली. ग ची वेगळी, मेममॅपवाली. मेममॅपची फाइल इमेजमधे जाऊन दुसऱ्या मशीनवर पोचली तर तिथला चांगला एमबी वाया जाईल, ते परवडलं, पण ग वर इमेज उतरवताना ती फाइल पुसली गेली तर टॅब परत मरायला लागतील आणि तोपर्यंत कारण कुणाला आठवणार नाही. म्हणून ग च्या डब्याच्या खालच्या बाजूला मार्करने १५२३ लिहून ठेवलंय.

या तुकड्यांच्या फाइलीत जुनी किंमत पुसली जाऊ नये म्हणून व्हेरिएबलमधे आधीचं ठेवून मग आपलं जोडायचं, म्हणजे "$ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स" आणि पुढे नवीन शब्द. हा डॉलर मात्र शेलने खायलाच हवा, याला बॅकस्लॅश नाही.

घ, ख झाले. ग ला हाताने करणार, इमेज नाही. रूटचा यूयूआयडी (फाइलसिस्टमचा ओळख क्रमांक) इमेजसोबत तोच येतो त्यामुळे "रूट=" बदलावं लागलं नाही, पण अशा दोन डिस्क कधी एकाच मशीनला लावल्या तर कर्नेलकडे एकाच नावाच्या दोन रूट होतील, तेव्हा ट्यून२एफएसने नवीन यूयूआयडी देऊन एफएसटॅब (कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) आणि ग्रब परत करायचं. पोराला सांगून ठेवलंय, पुढच्या रविवारी तो ख वर करून बघणार आहे.